किटली काट्यावर ठेवा: घरच्या जेवणातल्या तेलाच्या कॅलरी मोजायच्या कशा

ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट गेल्या उन्हाळ्यात जरा वर आला आणि डॉक्टरांनी दिवसाला १८०० कॅलरींचा आहार लिहून दिला. हे रोज जेवून उठले की मोबाइल काढायचे आणि भरायचे: चपात्या दोन, वांग्याची भाजी एक वाटी, आमटी एक वाटी. मोबाइल लगेच आकडा द्यायचा. दीड महिना असं चाललं. आकडे कायम १८००च्या आत, वजन मात्र होतं तिथंच.

मला पहिल्या आठवड्यातच शंका आली होती. सांगलीत आमच्या घरची एक वाटी वांग्याची भाजी आणि कराडला माझ्या माहेरची एक वाटी वांग्याची भाजी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्याकडे भाजी खाऊन झाली तरी वाटीच्या तळाला तेलाचं तांबडं वर्तुळ उरतं. फोडणी आत्यांच्या हातची, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. आत्या पळी वापरतच नाहीत, किटलीची चोच सरळ कढईवर वाकवतात. ती धार किती वेळ चालू राहते हे मोबाइलला कुठून कळणार?

मग मी मोजायला घेतलं. खाली लिहिलेली पद्धत आमच्या ओट्यावर चुकत-माकत बसलेली आहे. डिजिटल काटा, वही आणि आठवडाभराचा वेळ एवढंच लागतं.

आधी एकच गणित

तेल म्हणजे जवळजवळ शंभर टक्के चरबी, आणि चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. पिठातल्या किंवा डाळीतल्या पिष्टाला आणि प्रथिनाला ग्रॅममागे ४. म्हणून भाजीत वांगं थोडं कमी-जास्त झालं तर काही बिघडत नाही, तेल दहा ग्रॅम इकडंतिकडं झालं की ९० कॅलरी हलतात. (आपण बोलताना कॅलरी म्हणतो, पुड्यावर किलोकॅलरी छापलेलं असतं. दोन्ही एकच.)

शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, ऑलिव्ह, कुठलंही तेल घ्या, १०० ग्रॅमला ९००च्या आसपासच. लाकडी घाण्याचं तेल चवीला उजवं असेल, मीही शेंगदाण्याचं घाण्यावरूनच आणते, पण कॅलरीत त्याला सूट नाही. पुड्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते कुठल्याही वनस्पतीच्या तेलात नसतंच, आणि त्याचा कॅलरींशी संबंधही नाही. तेल कडक तापवलं की त्यातल्या कॅलरी उडून जातात, हेही मी दोघींकडून ऐकलंय. उडत नाहीत.

एक घोळ मात्र खरा आहे, लिटर आणि किलोचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १ लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटरचा डबा आणला तर आत साडेतेरा किलोच्या वर थोडंसंच तेल असतं. १५ किलोचा डबा वेगळा. डब्यावर काय लिहिलंय ते बघा, आणि घरात हिशेब कायम ग्रॅममध्येच ठेवा.

महिन्याचा ढोबळ हिशेब

काटा आणायच्या आधी हे करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. घरात महिन्याला तेल किती येतं आणि महिनाअखेरीस किती उरतं? आमच्याकडे पाच माणसांत ५ लिटर संपतं, म्हणजे ४५५० ग्रॅम. भागिले ३० दिवस, भागिले ५ माणसं: माणशी रोज ३० ग्रॅम. गुणिले ९, म्हणजे २७० कॅलरी. १८००मधल्या २७० एकट्या तेलात गेल्या, आणि मोबाइलच्या हिशेबात त्यातल्या किती धरल्या जात होत्या देव जाणे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली ज्या आहारविषयक सूचना काढल्या, त्यांत २००० कॅलरींच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमचे ३० नुसत्या तेलाचे होते. तुपाचं पुढं येईलच.

या हिशेबात पाहुणे, सणवार, जळून टाकून दिलेलं तेल सगळं मिसळलेलं असतं. पण घर कुठल्या पट्टीत आहे ते कळतं. तुमचा आकडा १५-२० ग्रॅम आला, तर पुढची उठाठेव न केली तरी चालेल.

किटलीचं वजन

काटा ५ किलोपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. काही शे रुपयांत मिळतो. ओटा जिथं सपाट आहे तिथं ठेवा, एक पाय हवेत राहिला तर आकडे नाचतात.

लोक इथं एक चूक करतात. कढई काट्यावर ठेवून त्यात थेंब थेंब तेल सोडत बसतात. हलके काटे इतकी बारीक धार पकडत नाहीत, दोन-तीन ग्रॅम आत पडले तरी आकडा जागचा हलत नाही. शिवाय फोडणीच्या घाईत, मोहरी तडतडत असताना हे कोण करणार? त्यापेक्षा उलटं करा. तेलाची भरलेली किटली काट्यावर ठेवा आणि शून्याचं बटण दाबा. आता किटली उचला, हवं तेवढं तेल नेहमीच्या सवयीनं ओता, किटली परत काट्यावर ठेवा. काटा वजा आकडा दाखवेल. वजा ३५ म्हणजे ३५ ग्रॅम तेल कढईत गेलं. ओतणाऱ्या माणसाला काहीच बदलावं लागत नाही, हा यातला सगळ्यात मोठा फायदा. मधल्या वेळात काटा आपोआप बंद पडत असेल, तर शून्य न करता आधीचं आणि नंतरचं वजन वहीत लिहा.

आत्यांनी पहिल्या दिवशी काटा बघितला आणि म्हणाल्या, “त्याल जोखून घालायचं म्हंजे काय? दुकान टाकलंयस व्हय घरात?” मी म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं ओता, किटली फक्त इथं ठेवा. तेवढं त्यांनी ऐकलं. हात आखडता घ्या असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काटा माळ्यावर गेला असता. आणि खरं सांगायचं तर पहिला आठवडा कुणी हात आखडायचाच नाही. नेहमीचा आकडा कळला नाही, तर पुढं कमी काय केलं ते कशावरून ठरवणार?

दिवसाचा आकडा हवा असेल तर सकाळी चहाच्या वेळी एक वजन आणि रात्री ओटा पुसल्यावर एक. पहिल्या मंगळवारी माझी वही अशी होती: सकाळी ८१२, रात्री ६५५, गेलं १५७ ग्रॅम. माणशी ३१ ग्रॅम, २८० कॅलरी. महिन्याच्या हिशेबाशी जुळलं तेव्हा मला शाळेत गणित सुटल्यासारखा आनंद झाला. बुधवारी मात्र रात्री किटली सकाळपेक्षा ९० ग्रॅमनं जड. दुपारी मी झोपले असताना आत्यांनी कॅनमधून किटली भरून ठेवली होती. तेव्हापासून नियम असा की किटली फक्त सकाळी, वजनाच्या आधी भरायची.

घरात किटली नसून बरणी-पळी असेल तरी हीच रीत, बरणी काट्यावर. आणि काटा नसेल त्या दिवसासाठी तुमची पळी, तुमचे चमचे एकदा जोखून ठेवा. पुस्तकातला छोटा चमचा ५ मिलिचा, म्हणजे साडेचार ग्रॅम, ४० कॅलरींचा. पण आपल्या घरातले चमचे पुस्तक वाचून घडवलेले नसतात. आमचा साखरेचा चमचा ४ ग्रॅम तेल धरतो, पोह्याचा ९, पळी सपाट भरली तर १३ आणि काठावरून फुगवून भरली तर १७. त्या एका ‘पळीभर’ शब्दात ११७ कॅलरीही बसतात आणि १५३ही.

तेल जातं कुठं

मंगळवारचे १५७ ग्रॅम मी पदार्थवार लिहिले होते. सकाळचे पोहे ३४. वांग्याची भाजी ३५. आमटीची फोडणी १८. उरलेले ७० ग्रॅम चपात्यांत.

मी दोनदा बेरीज केली. आमच्या घरात दोष नेहमी भाजीवरच्या तवंगाला, कारण तो डोळ्यांना दिसतो. चपातीचं तेल दिसत नाही. ते पिठाच्या मोहनात जातं (१५ ग्रॅम), घडी घालताना पदराला लागतं (३५) आणि तव्यावरून उतरवल्यावर वरून फिरवतात (२०). वीस चपात्यांना ७० ग्रॅम, म्हणजे एका चपातीला साडेतीन ग्रॅम, ३१ कॅलरी. हे दिवसाला पाच खातात. दीडशे कॅलरी तिथंच, आणि मोबाइलमध्ये लिहिलेलं असायचं ‘फुलका’.

चपातीचं तेल मोजायला किटलीतून एका वाटीत तेल काढून घ्या, वाटीसकट वजन लिहा, सगळ्या चपात्या झाल्या की परत वजन करा. वजाबाकी करून चपात्यांच्या संख्येनं भागा. बोट बुडवून लावलं तर किती आणि चमच्यानं सोडलं तर किती, हे दोन दिवस वेगवेगळं करून बघण्यासारखं आहे. आमच्याकडं घडीला बोटानं लावायला सुरुवात केली आणि वरून फिरवणं फक्त आत्यांच्या दोन चपात्यांपुरतं ठेवलं. सत्तराचे अडतीस झाले. चव गेली अशी तक्रार एकट्या धाकट्यानं केली, तीही मोजमाप चाललंय हे कळल्यावर.

ज्वारीची भाकरी या हिशेबात अगदी कोरी. पीठ, पाणी, हात. पण भाकरीबरोबर दाण्याची चटणी आणि त्या चटणीवर तेलाची धार आली की भाकरीचा कोरेपणा संपला. पोह्याच्या चमच्याएवढं तेल चटणीवर सोडलं तर ८० कॅलरी, चटणीतल्या दाण्यांच्या वेगळ्या.

कढईतून ताटात

घरच्या सरासरीवर भागत असेल तर हा भाग सोडून द्या. पण पथ्यावरच्या एका माणसाचं ताट मोजायचं असेल, तर पदार्थाच्या एकूण तेलातून त्याच्या वाटीचा वाटा काढावा लागतो. त्यासाठी रिकाम्या भांड्यांची वजनं आधी करून ठेवा. मी कपाटाच्या दाराच्या आत कागद चिकटवलाय: लोखंडी कढई ९४०, मोठं पातेलं, छोटं पातेलं, कुकरचा डबा.

भाजी शिजली की कढईसकट वजन करा. काट्यावर गरम कढई थेट ठेवू नका, मी चुंबळ ठेवते आणि मग शून्य करते. वांग्याची भाजी कढईसकट १६९० भरली, म्हणजे भाजी ७५० ग्रॅम. तेल ३५ ग्रॅम, ३१५ कॅलरी. ह्यांची वाटी १३० ग्रॅमची. १३० भागिले ७५०, गुणिले ३१५: ५५ कॅलरी तेलाच्या. भाजी किती आटली याची काळजी करू नका, पाणी उडतं, तेल तेवढंच राहतं.

मोबाइलमध्ये लिहिणाऱ्यांनी एक सांभाळायचं. ‘वांग्याची भाजी’ अशी तयार नोंद निवडली तर तिच्यात कुणाचं तरी तेल आधीच धरलेलं असतं. तिच्यावर आपलं ५५ चढवलं तर दुप्पट मोजलं जातं. वांगी, कांदा, कूट वेगळं लिहा आणि तेल स्वतंत्र ओळीत.

कूट म्हटल्यावर आठवलं. दाण्याच्या कुटात, सुक्या खोबऱ्यात, तिळात चरबी भरपूर असते, पण ती किटलीत नसते, म्हणून तिची नोंद वेगळी. १० ग्रॅम कुटाला साधारण ५५ कॅलरी धरा. कांदा-लसूण चटणीचंही कुणीतरी विचारेलच, कारण उन्हाळ्यात ती करताना कांदा, खोबरं, मसाले सगळं तेलातच तळतो. मी आमच्या चटणीचा हिशेब केला होता: पाच माणसांच्या भाजीत दोन चमचे पडली तर माणशी जेमतेम सात-आठ कॅलरी येतात. तो हिशेब मी परत केला नाही, तुम्हीही करू नका.

तर्रीची भानगड

वाटीच्या वजनावरून तेल काढायचं गणित सुक्या भाजीला चालतं, रश्श्याला चालत नाही. कारण तेल वर तरंगतं, आणि पातेल्यातून वाढताना डाव कुठं बुडतो यावर कुणाच्या वाटीत काय गेलं ते ठरतं.

आमच्याकडं रविवारी अख्खा मसूर असतो. तो ढाब्यासारखा व्हावा म्हणून तेलही ढाब्यासारखंच पडतं. एका रविवारी ७५ ग्रॅम पडलं, शिजलेला मसूर दीड किलो. हलवून वाढला असता तर २०० ग्रॅमच्या वाटीत १० ग्रॅम तेल, ९० कॅलरी. पण आमच्याकडं हलवत नाहीत. थोरल्याला तर्री आवडते, तो वरून घेतो. त्या दिवशी मी त्याच्या आधी वरची तर्री एका काचेच्या पेल्यात काढली. अर्ध्या तासात पेल्यात दोन थर झाले, खाली रस्सा, वर तांबडंलाल तेल. वरचा थर चमच्यानं काढून तोलला, ३० ग्रॅम भरला. एवढं तेल एरवी त्याच्या एकट्याच्या वाटीत जायचं, २७० कॅलरी. खाली उरलेल्या मसुरात मग २०० ग्रॅमला सहाच ग्रॅम राहिलं, पंचावन्न कॅलरी. एकाच पातेल्यातून जेवलेल्या दोघांत हा फरक.

म्हणून रश्श्याला दोन रस्ते. एकतर खालपासून ढवळून लगेच वाढा आणि वजनानं भागा. नाहीतर तर्री आधीच वेगळ्या वाटीत काढा आणि जो घेईल त्याच्या नावावर लिहा. मिसळीच्या कटाला, मटणाच्या रश्श्यालाही हेच. मटणाची स्वतःची चरबीही त्या तवंगात असते, म्हणून तिथं किटलीचा आकडा नेहमी कमीच पडतो.

आखाड तळताना

आषाढात आमच्याकडं आखाड तळल्याशिवाय महिना जात नाही. कापण्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या. तळणीत कढईतलं सगळं तेल पोटात जात नाही, आणि किती गेलं ते डोळ्यांनी सांगता येत नाही. पण मोजायला तळण सगळ्यात सोपं.

कढईत ओतण्याआधी तेल तोला. तळून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मग उरलेलं तोला. पदार्थ ज्या कागदावर निथळला तो आधी-नंतर तोला, कागदानं प्यायलेलं तेल वजा करा. कापण्यांच्या दिवशी ओतलं ९०० ग्रॅम, उरलं ७०२, कागदात ८. म्हणजे कापण्यांनी प्यायलं १९०. शिवाय पिठात कडकडीत मोहन घातलं होतं ते ५० ग्रॅम, जे हमखास विसरलं जातं. एकूण २४०. कापण्या भरल्या १२०० ग्रॅम. १०० ग्रॅम कापण्यांत २० ग्रॅम तेल, १८० कॅलरी. आमची एक कापणी ६ ग्रॅमची, म्हणजे येता-जाता तोंडात टाकलेल्या दहा कापण्यांत तेलाच्याच १०८. गूळ आणि कणीक अजून मोजलेलीच नाही.

तळणीचं उरलेलं तेल परत किटलीत ओतू नका. एकतर ते चांगलं नाही, आणि वहीचा पार विचका होतो. वेगळ्या बाटलीत ठेवा, दोन दिवसांत फोडणीला संपवा, आणि जे फोडणीला गेलं ते त्या दिवशी लिहा.

आठवडा झाला की

सात दिवसांची सरासरी काढा आणि एकच जागा निवडा, जिथं तेल जास्त जातं आणि जिभेला कमी कळतं. आमची चपाती निघाली. तुमची पोह्यांची फोडणी असेल, सुक्या भाजीत मधेच सोडलेली दुसरी धार असेल. ती जागा महिनाभर सांभाळा, मग पुन्हा एक आठवडा मोजा. रोज मोजायची गरज नाही, मी आता महिन्याचा पहिला आठवडा मोजते. आमची सरासरी माणशी ३१ वरून २३ ग्रॅमवर आली आणि तिथंच थांबलीय. त्याखाली न्यायचा माझा विचार नाही, कारण त्यानंतर रविवारच्या मसुरावर गदा येते.

तूप वेगळ्या भांड्यात असतं, म्हणून ते या सगळ्यातून निसटतं. मीही पहिले दोन महिने तुपाकडं बघितलं नव्हतं. नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडं तवा चढत नाही, चिरणं नाही, तळण नाही. पुरणाची दिंडं उकडायची आणि बरोबर कटाची आमटी. रात्री किटली तोलली तर दिवसभरात फक्त ११ ग्रॅम उतरलेली. वर्षातला सगळ्यात कमी आकडा म्हणून मी वहीत खाली रेघ मारली आणि आत्यांना दाखवली.

आत्यांनी वही लांब धरून बघितली. “आन् दिंडावर धार धरलेलं तूप? त्ये कोण जोखणार?”

नशिबानं सकाळी सैपाकाच्या आधी तुपाची नवी, अर्ध्या किलोची बरणी त्यांनीच फोडली होती. काट्यावर ठेवली. ९४ ग्रॅम गेलं होतं.